भागिले दोन

कुणी सरांना म्हणालं, "आज काय ऊन आहे हो!" तर सर आभाळाकडे न बघताच म्हणायचे, "भागिले दोन." कुणाच्या मुलाला फार मोठी नोकरी लागली, तरी भागिले दोन. कुणी फार आजारी आहे असं कळलं, तरी तेच. माणूस जे बोलतो त्यातलं निम्मंच कामाचं असतं, उरलेलं निम्मं म्हणजे नुसतं फिरणं, असं त्यांचं मत होतं. हे आपल्याला इंजिनाने शिकवलं, असं ते सांगत. मला विचाराल तर त्यांना इंजिनाने काहीही शिकवलं नव्हतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला सरांविषयी आदर वाटत नाही. कधी वाटला नाही, आणि ह्याची मला लाज वाटते. नागपूर सोडून मी भोपाळच्या एका पॉलिटेक्निकच्या ऑफिसात क्लार्क म्हणून लागलो तेव्हा ह्या गावात आमचं कुणी नव्हतं. सर तिथे इंजिनं शिकवायचे. माझं मराठी आडनाव ऐकून ते ऑफिसच्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "कोटऱ्यात माझं घर आहे. वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. बायकोला घेऊन ये." चौकशी नाही, कुणाची ओळख नाही. आमच्या गॅसची सोय होईपर्यंत आम्ही दोघं खाली काकूंच्या स्वयंपाकघरात जेवलो. अशा माणसाला नावं ठेवताना जीभ अडखळायला हवी. माझी अडखळत नाही. वर्षानुवर्षं त्यांच्या छपराखाली राहून मी मनातल्या मनात त्यांची टिंगल करत आलो, आणि खरं सांगायचं तर त्यात मला मजा येत होती.

इंजिनाची थिअरेटिकल पॉवर काढणं, एवढाच सरांचा विषय. बाकीचा अभ्यासक्रम ते उरकून टाकत. ह्या एका धड्याला मात्र ते इस्त्रीचा शर्ट घालून येत. माझं ऑफिस त्या वर्गाला लागून होतं, त्यामुळे तो धडा मला दरवर्षी ऐकावा लागे. सिलिंडरमधला सरासरी दाब, स्ट्रोकची लांबी, पिस्टनचं क्षेत्रफळ आणि मिनिटाचे फेरे. चारही गुणा, साठाने भागा, निघाली पॉवर. इथे सर थांबत. खडू वर धरत. मग विचारत, "और?"

पोरं वह्यांत डोकं घालत.

"और दो से भाग! फोर स्ट्रोक है, भाई. दो चक्कर में एक ही बार काम करता है. दूसरे चक्कर में खाली सांस लेता है, छोड़ता है. सांस को हम काम नहीं मानते."

मग फळ्यावर ते एवढा मोठा दोनाचा आकडा काढत की तो पुसायलाही कुणी धजत नसे. परीक्षेत हा भागाकार विसरणारा मुलगा सरांच्या दृष्टीने संपलाच. एकजण माझ्या समोरच त्यांच्याकडे गयावया करत होता. "सर, पूरा सवाल सही है, बस दो से भाग देना भूल गया."

"कोई बात नहीं," सर म्हणाले. "तेरे मार्क में मैं नहीं भूलूंगा."

आणि त्यांनी खरोखरच त्याच्या अख्ख्या पेपरचे मार्क दोनाने भागले. तो मुलगा नापास झाला. पोरं त्यांना आधे सर म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं त्यांना ते आवडायचंही.

प्रयोगशाळेत एक जुनं डिझेल इंजिन होतं. त्याच्या चाकाला दोरी गुंडाळून, दोरीला वजनं टांगून त्याची खरी पॉवर मोजायची अशी रीत होती. ती अर्थातच कागदावरच्या पॉवरपेक्षा कमी भरायची. जगातल्या प्रत्येक इंजिनाची कमीच भरते. पण सरांना त्याचा दरवेळी नव्याने त्रास व्हायचा. आपल्या घरचा पाहुणा दुसऱ्याच्या लग्नात पिऊन आला तर माणूस जसा इकडेतिकडे बघतो, तसे ते त्या वजनांकडे बघायचं टाळायचे. "ही इंजिनाची चूक नाही," म्हणायचे. "ही घर्षणाची चूक आहे."

एका परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले आणि इंजिन सुरूच होईना. पोरांनी हँडल मारून मारून हात सोलून घेतले. परीक्षक घड्याळ बघायला लागले. सर अजिबात गडबडले नाहीत. म्हणाले, "सर, इंजन चालू करना सिलेबस में नहीं है. उसकी पावर निकालना है."

पोरांनी बंद इंजिनाची पॉवर काढली. सगळ्यांचं उत्तर बरोबर आलं. परीक्षक जेवून गेले. हा प्रसंग सर पुढे कौतुकाने सांगत, आणि ऐकणाऱ्यांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते त्यांना कळत नसे.

ह्या माणसाने आयुष्यात कुठलंही वाहन चालवलं नाही. सायकलसुद्धा नाही. पण नेहरू नगरच्या चौकात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचा आवाज डोळे मिटून ऐकायचा आणि मिनिटाचे फेरे ओळखायचे, हा त्यांचा संध्याकाळचा फिरायचा कार्यक्रम. सिग्नलला थांबलेल्या मोटरसायकलवाल्याला ते विचारत, "बोर कितना है? स्ट्रोक?" पोरं त्यांना साध्या कपड्यातला पोलीस समजून लायसन्स काढत.

कॉलेजला ते माझ्या स्कूटरवर मागे बसून यायचे. वाटेभर माझ्या कानात आकडे. टँकर गेला, त्याची पॉवर. टेंपो गेला, त्याची पॉवर. एकदा मी वैतागून विचारलं, "सर, सगळ्यांचं बोलणं निम्मं करायचं, तर मग तुमचंही निम्मं करायचं का?"

मागून लगेच उत्तर आलं, "छे. मी टू-स्ट्रोक आहे. माझ्या प्रत्येक फेऱ्यात काम होतं."

मला वाटलं होतं ते विनोद करताहेत. मी आरशात बघितलं. ते गंभीर होते.

त्यांच्या निरोपसमारंभात प्राचार्यांनी त्यांच्यावर भरपूर स्तुती उधळली. विद्वान, तपस्वी, वगैरे. सर उत्तराला उभे राहिले, माइक हातात घेतला, "डिवाइड बाय टू" एवढंच म्हणाले आणि बसले. हॉल टाळ्यांनी दणाणला. काय विनय, असं सगळे म्हणाले. मी मात्र मागच्या खुर्चीत बसून विचार केला, की निम्मं केल्यावरही जे उरतं ते ह्यांनी मुकाट्याने खिशात टाकलंच की.

काकूंविषयी सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

काकू अमरावतीच्या. बारीक, हसऱ्या, हळू बोलणाऱ्या. आम्ही राहायला आल्यावर थोड्याच दिवसांत माझ्या बायकोच्या लक्षात आलं की ह्या बाई प्रत्येक आकडा फुगवून सांगतात. चार पाहुणे यायचे असले तर "आठ जण आहेत" म्हणत. किलोभर साखर हवी असली तर सरांना दोन किलो सांगत. गुडघा थोडा दुखला तर "उभं राहवत नाही हो" म्हणत. बायको मला म्हणाली, "काकू चांगल्या आहेत, पण थापाड्या आहेत."

मग एकदा वाटाणे सोलता सोलता काकूंनीच तिला उलगडून सांगितलं. "अगं, मी किलो म्हटलं तर हे अर्धा किलो आणतात. म्हणून मी दोन म्हणते. मग एक येतो. घर बरोबर चालतं." आणि हसून पुढे म्हणाल्या, "आता सवयच झाली आहे बघ. खरा आकडा तोंडातच येत नाही."

म्हणजे नवरा भागायचा आणि बायको गुणायची, आणि मध्ये संसाराचं उत्तर बरोबर यायचं. बायकोला हे गोड वाटलं. मला संताप आला. एका माणसाच्या हट्टापायी दुसऱ्या माणसाने जन्मभर खोटं बोलायचं, आणि ह्याला संसार म्हणायचं! हा संताप मी बायकोजवळ काढला. सरांजवळ काढला नाही. खाली उतरल्यावर मी "नमस्कार सर" म्हणायचो.

सर निवृत्त झाल्यानंतर काकूंच्या फुप्फुसांचं दुखणं सुरू झालं. आधी जिना चढताना धाप, मग अंगणात, मग नुसतं बसल्या बसल्या. दवाखान्यात मी सोबत होतो. डॉक्टर विचारत, "माताजी, रात को कितनी बार उठना पड़ता है?" काकू सवयीने दुप्पट सांगत. डॉक्टर दचकून लिहू लागत, तोच सर म्हणत, "डॉक्टर साहब, दो से भाग दीजिए." डॉक्टर बिचारे एकदा ह्यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत. शेवटी त्यांनी काकूंच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं छोटं यंत्र लावलं आणि कुणालाच काही विचारलं नाही.

घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. देवघराएवढं, चाकांवर सरकणारं. खोलीतलीच हवा आत ओढून त्यातला ऑक्सिजन नळीने नाकाशी पोचवणारं. डॉक्टरांनी बजावलं, की मशीन बंद पडता कामा नये. लाइट गेली तर लावायला एक सिलिंडर उशाशी दिला, पण म्हणाले, गर्मी में देर-देर तक बिजली जाती है, कुछ पक्का इंतजाम कर लीजिए.

शेजारच्या दुबेजींनी दोन मिनिटांत उपाय सांगितला. "इन्वर्टर लगवा लो, सर. मैं कल ही आदमी भेजता हूं. न आवाज, न झंझट."

शहाण्या माणसाने हो म्हटलं असतं. सरांच्या चेहऱ्यावर मात्र कुणीतरी आईवरून बोलल्यासारखा भाव आला. "बैटरी?" ते म्हणाले. "बैटरी तो टंकी है, दुबेजी. भरी तो भरी. इंजन झरना है."

दुबेजी माझ्याकडे बघून डोळे फिरवून निघून गेले. मीही हसलो.

जन्मभर इंजिनं शिकवलेल्या माणसाला पहिल्यांदाच एक खरं इंजिन घ्यायचं होतं. सर व्हरांड्याच्या फरशीवर खडू घेऊन बसले. त्या मशीनला लागते ती वीज म्हणजे चार-पाच पंख्यांची. पण सरांनी हिशोब मांडला. इंजिनवाला सांगेल त्या पॉवरला भागिले दोन, कारण तो विकणारा. घर्षणासाठी भागिले दोन. जुनं इंजिन म्हणून भागिले दोन. भोपाळचा मे महिना म्हणून भागिले दोन. डिझेलमधली भेसळ म्हणून पुन्हा एकदा. दरवेळी उत्तर निम्मं व्हायचं आणि घ्यायचं इंजिन दुप्पट व्हायचं. दारापासून जिन्यापर्यंत फरशी पांढरी झाली. काकू आतून म्हणत, "अहो, जेवायला या, चारदा हाक मारली." त्यांनी दोनदाच मारलेली असायची. पण सर दोनदासुद्धा ऐकत नव्हते.

आज मागे वळून बघताना वाटतं, तो माणूस घाबरलेला असावा. पण हे मला आज वाटतं. तेव्हा मी ओलांडून जाताना खडूच्या आकड्यांवर मुद्दाम चप्पल घासायचो.

अशोका गार्डनमध्ये जुन्या इंजिनांचा एक व्यापारी होता. तिथे मी त्यांना स्कूटरवरून घेऊन गेलो. व्यापाऱ्याने एक बेताचं इंजिन दाखवलं आणि त्याचे हॉर्सपॉवर सांगितले.

"दो से भाग," सर म्हणाले.

व्यापारी हुशार होता. त्याने सरांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि कोपऱ्यातलं ताडपत्रीखालचं एक धूड उघडलं. "तो फिर ये ले लो, सर. ये आधा करके भी उत्ता ही बैठेगा."

सरांचा चेहरा उजळला. आपलं गणित कळणारा माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता. त्यांनी बोर विचारला, स्ट्रोक विचारला, तिथल्या तिथे तोंडी उत्तर काढलं आणि मान डोलावली.

व्यापाऱ्याला मात्र राहवेना. "वैसे एक बात बताओ, सर, इससे चलाओगे क्या? चक्की खोल रिये हो?"

"नहीं," सर म्हणाले. "मिसेस की सांस की तकलीफ है."

व्यापाऱ्याने ताडपत्रीची घडी घालायला घेतली. मला हसू आवरेना म्हणून मी स्कूटरपाशी गेलो.

ते धूड टेंपोतून आलं तेव्हा गल्लीतली पोरं मागे धावत आली. सरांनी त्याला वीज काढायचा डायनामो जोडून ते मागच्या अंगणात बसवून घेतलं. काकूंच्या खोलीच्या खिडकीला अगदी लागून. कारण तार जितकी लांब तितकी वीज वाया जाते, आणि वाया जाणं सरांना सहन होत नसे. त्या खिडकीत कूलर होता. बाहेरची हवा ओढून, गार करून आत सोडणारा, भोपाळात घरोघरी असतो तसला पत्र्याचा.

हे बघून मी एकदा विचारलं. "सर, धूर?"

सरांनी माझ्याकडे पहिल्या वर्षाच्या पोराकडे बघावं तसं बघितलं. "धूर म्हणजे एक्झॉस्ट. तो हिशोबात धरलेला आहे."

आणि खरंच, फरशीवर जिन्याच्या पायरीजवळ धूर होता. उष्णतेपैकी एक तृतीयांश भाग, वजा. खाली रेघ मारलेली.

मी आणखी काही बोललो नाही. मनात आलं, होऊ दे फजिती.

मे महिन्यातल्या एका दुपारी लाइट गेली. व्यापाऱ्याने पाठवलेला मिस्त्री आलेलाच होता. त्याने हँडल मारलं आणि ते इंजिन असं काही ओरडलं की लिंबाच्या झाडावरचे कावळे उडाले. घर थरथरायला लागलं. स्वयंपाकघराच्या फळीवरची भांडी एकमेकांवर आपटू लागली. दुबेजींच्या गच्चीवर, पलीकडच्या भिंतीवर, सगळीकडे माणसं. मिस्त्री इंजिन लावून देऊन कोपऱ्यावर पान खायला गेला. सर हातात फेरे मोजायचं यंत्र घेऊन चाकाशी वाकले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. धुराने असेल किंवा आनंदाने.

"मशीन चालू झालं का?" त्यांनी ओरडून विचारलं.

मी खिडकीत कूलरच्या बाजूच्या फटीतून बघून ओरडलो, "झालं."

"अजून पुष्कळ पॉवर आहे. कूलरही लाव!"

मी त्याच फटीतून हात घालून कूलरचं बटण दाबलं. हे मी केलं. पंखा फिरला आणि इंजिनाच्या नळीतून निघणारा काळा धूर हवेत वर जायचं सोडून आज्ञाधारकपणे खिडकीकडे वळला. मी ते बघत होतो. धूर कसा वळतोय ह्याची मला गंमत वाटली. तो कुठे जातोय हे माझ्या डोक्यात शिरलं नाही.

आतून काकूंचा आवाज आला. त्या गोंगाटात तो ऐकू आला हेच आश्चर्य. "अहो... जरा घुसमटतंय."

"भागिले दोन!" सर चाकावरची नजर न हलवता म्हणाले.

दुबेजी वरून हसले. मीही हसलो.

तेवढ्यात आमच्या वरच्या मागच्या सज्ज्यातून माझी बायको किंचाळली. "अहो, काकू 'जरा' म्हणाल्या! ऐकलंत ना? जरा!"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जी बाई गुडघा थोडा दुखला तर उभं राहवत नाही म्हणायची, ती "जरा" म्हणाली होती. गुणायलाही तिच्यात श्वास उरला नव्हता.

मी आत धावलो. खोलीत पलंग दिसत नव्हता. काकू मशीनची नळी नाकाशी घट्ट धरून बसल्या होत्या आणि मशीन तीच काळी हवा ओढत होतं. त्यांचे ओठ निळे पडले होते. बायको जिन्यावरून आली, आम्ही दोघांनी त्यांना उचलून पुढच्या व्हरांड्यात आणलं आणि सिलिंडर लावला. त्यांनी पहिला श्वास घेतला, दुसरा घेतला. मी त्यांच्याकडे बघत राहिलो, आणि ओठांचा रंग परत येताना दिसला तसा माझ्या आतला इतक्या वर्षांचा सगळा गाळ वर आला.

सर व्हरांड्याच्या टोकाशी उभे होते. हात काळे, हातात ते यंत्र. मागे इंजिन चालूच होतं. ते बंद कसं करतात हे त्यांना माहीत नव्हतं. तेही सिलॅबसमध्ये नसावं.

इंजिनाच्या वर आवाज जावा म्हणून मला ओरडावं लागलं. निदान मी तसं स्वतःला सांगतो. "मूर्ख आहात तुम्ही!" मी ओरडलो. "जन्मभर बंद इंजिनांची पॉवर काढलीत! पोरांना नापास केलंत! ह्या बाईला एक शब्द खरा बोलू दिला नाहीत! तुमच्या जागी दगड असता तरी—"

इतक्यात कोपऱ्यावरून धावत आलेल्या मिस्त्रीने मागे इंजिन बंद केलं. माझा आवाज मात्र त्याच पट्टीत पुढे गेला, अख्ख्या गल्लीच्या शांततेत.

"—तिने जास्त सुखाने संसार केला असता!"

गच्चीवर कुणी हललं नाही. काकूंनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. सरांनी ते फेरे मोजायचं यंत्र धोतराच्या सोग्याने पुसलं आणि व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवलं.

काकू थोडे दिवस दवाखान्यात राहून परत आल्या. त्या यायच्या आधीच दुबेजींनी इन्व्हर्टर बसवून घेतला. तो कोपऱ्यात मुकाट बसून असतो, त्याचं अस्तित्वही जाणवत नाही. इंजिन मागे ताडपत्रीखाली राहिलं. घेणारा मिळेना, कारण व्यापारी स्वतःच म्हणाला, इतना बड़ा कौन लेगा.

त्यानंतर सर काकूंचं बोलणं भागेनासे झाले. ठरवून की आपोआप, ते मला माहीत नाही. काकूंची सवय मात्र सुटली नाही. त्या दोन किलो म्हणत आणि सर दोन किलो आणत. आठ पाहुणे म्हटलं की आठांची मिठाई येई, आणि येत चारच. साखर डब्यात मावेना म्हणून बादलीत ठेवली. काकू "डोकं फुटतंय" म्हणाल्या की सर रिक्षा बोलावत, आणि काकूंना रिक्षावाल्याची समजूत घालून त्याला परत पाठवावं लागे. "काय करू गं ह्यांचं," त्या माझ्या बायकोला म्हणत. "आता हिशोबच लागत नाही." पण हे सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असे.

माझं आणि सरांचं बोलणं चालू राहिलं. नमस्कार सर, नमस्कार. कुणी त्या दुपारचा विषय काढला नाही. पुढे आम्ही नेहरू नगरला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. सामान टेंपोत चढलं, बायको आत काकूंच्या गळ्यात पडून रडत होती, आणि मी फाटकाशी उभा होतो. सर माझ्याजवळ आले. टेंपोच्या इंजिनाकडे कान देऊन उभे राहिले. मला वाटलं, आता फेरे सांगणार.

"त्या दिवशी तू बोललास ना," ते म्हणाले, "ते मी भागिले दोन केलं."

मी फाटकाची कडी उगाच वरखाली केली.

"बरंच उरलं," सर म्हणाले, आणि टेंपोवाल्याला बोर विचारायला पुढे गेले.

नेहरू नगर ते कोटरा म्हणजे पायी जाण्यासारखं आहे. बायको जाते, काकूंना भेटून येते, आणि येताना नको असलेली साखर घेऊन येते. मी जात नाही. सरांविषयीचं माझं मत बदललेलं नाही. तो माणूस तेव्हाही मला हास्यास्पद वाटत होता, आजही वाटतो. त्या दुपारी मी जे बोललो त्यातलं बरंचसं आजही मला खरंच वाटतं. तरीही संध्याकाळी चौकात मोटरसायकली सिग्नलला थांबल्या की मी आधी पलीकडचा फुटपाथ बघून घेतो, तिथे कुणी डोळे मिटून उभं नाही ना, म्हणून.

माफी मागायला जावं असं पुष्कळदा मनात येतं. पण सर ती निम्मी करणार. काकूंचं ते आता भागत नाहीत, माझं भागतील. म्हणजे आहे तेवढी नेऊन चालणार नाही, दुप्पट न्यावी लागेल. आणि मी मन लावून शोधलं आहे, तेवढी माझ्याजवळ नाही.